शिडीला न चाललेल्या बांबूचं धनुष्य

मी बोलतोय, शिडीवाल्याने नापास केलेला बांबू. माझं धनुष्य झालं ती पुढची गोष्ट. त्याआधी मी शेडच्या मागच्या भिंतीला टेकून नुसता पडलेला असायचो, उंदरांना ये-जा करायला सोयीचा.

आमचे शिडीवाले आजोबा बांबू कसा पारखतात ते ऐका. दोन दगडांवर तो आडवा ठेवायचा आणि मधोमध उभं राहायचं. जो हलला नाही, तो शिडीत गेला. माझ्यावर आजोबा उभे राहिले तसा मी पार जमिनीपर्यंत लवलो आणि पुन्हा वर आलो, तो आजोबांना उडवूनच. आजोबा कपडे झटकत म्हणाले, असला आगाऊ बांबू माझ्या शिडीत नको. झालं, लागली माझी वाट भिंतीशी.

त्याच घराच्या पुढच्या खोलीत आजींचं शिवणाचं मशीन. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर आजींच्या हातचे कपडे. मशीनची घरघर मागे शेडपर्यंत ऐकू यायची आणि आजोबांची करवत तिच्या तालावर चालायची. पण एका हिवाळ्यात आजींचा उजवा खांदा आखडला तो आखडलाच. हात खांद्याच्या वर जाईना. उंच गिऱ्हाईक आलं की माप घ्यायला त्यालाच खाली बसवायच्या. केस विंचरायला नात लागायची, आणि नातीचा हात म्हणजे नांगर.

डॉक्टरीणबाईंनी एक रबरी पट्टा दिला. दाराच्या कडीला बांधून रोज ओढायचा, हयगय केली तर खांदा कायमचा असाच राहील, असं बजावलं. आजींनी थोडे दिवस ओढला. मग कंटाळल्या आणि त्या पट्ट्याने कापडाचा गठ्ठा बांधून ठेवला. नवं काम घेईनाशा झाल्या. मशीनवर झाकण पडलं. आजोबांनी विचारलं तर म्हणाल्या, पुष्कळ शिवलं, आता बंदच करते. तेव्हापासून आजोबा करवत हातात घ्यायचे आणि ती कशासाठी घेतली तेच विसरायचे.

नात शाळेत कुठे तिरंदाजी बघून आली होती. जेवताना तिने सगळ्यांना खुर्चीवर उभं राहून दाखवली. मग आजीला म्हणाली, "आजी, ओढायचंच आहे ना, तर ओढून काहीतरी सुटू दे तरी."

आजी हसल्या. आजोबांनी मात्र ते मनावर घेतलं.

त्यांनी शेडमधला सगळ्यात ताठ बांबू निवडला, चिरला, तासला, दोरी लावली. नातीने ओढलं, धनुष्य हललं नाही. शेजारचे सल्लागार आले. ते सगळ्या कामांतून निवृत्त झालेत, सल्ला देण्यातून तेवढे नाहीत. त्यांनीही भिंतीला पाय लावून ओढलं. आजोबा शेजारी उभे राहून कौतुकाने बघत होते. म्हणाले, "जन्मात वाकायचं नाही ते."

आजी दारातून म्हणाल्या, "अहो, पण ते वाकायला पाहिजे ना. तुम्ही बिनपायऱ्यांची शिडी केलीत."

आजोबांनी डोकं खाजवलं. वाकणारे बांबू तर जन्मभर वेचून बाहेर टाकले होते, आता तसला आणायचा कुठून, असं पुटपुटत ते शेडमागे आले. आणि उंदरांचा रस्ता बंद झाला.

कोयत्याने मला उभा चिरला तेव्हा जीव गेला असं वाटलं. मग दिवसेंदिवस तासणं. माझी पाठ, म्हणजे बाहेरची गुळगुळीत साल, तिला त्यांनी हात लावला नाही, सगळं बळ तिच्यातच असतं. आतल्या बाजूने मात्र फुटक्या काचेने खरवडत राहिले. थोडं खरवडायचं, दोरी लावायची, ओढून बघायचं. पण ओढणाऱ्याला स्वतःच्या हातातलं धनुष्य नीट दिसत नाही, लांबून कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून आजी अंगणात स्टूल टाकून बसल्या. कापड बेतणारी नजर ती.

"खालचं टोक आळशी आहे, वाकतच नाही," त्या म्हणाल्या. "वरचं एकटंच राबतंय. आपल्या घरासारखं."

आजोबा म्हणाले, दोन्ही सारखीच आहेत. मग बोटांनी चाचपून बघितलं आणि मुकाट्याने खालचं टोक खरवडायला लागले.

आजोबांचा जीव मला जाड ठेवण्यात. आजींचं म्हणणं, "मला काही लढाईला जायचं नाहीये, माझा हात दुखतो, त्या हाताला झेपेल एवढंच ठेवा." असा मी आजींच्या दुखऱ्या खांद्याच्या मापाने बेतला गेलो. दोरीसुद्धा त्यांनीच केली, शिवणाच्या दोऱ्याचे पुष्कळ पदर पिळून, वर मेणबत्तीचं मेण चोळून. बाणांना पिसं म्हणून कॉलरमध्ये घालायचं कडक कापड कातरून लावलं.

अंगणाच्या टोकाला जुनी गादी उभी केली. पहिल्या दिवशी आजींनी मला कमरेशीच धरलं, जेमतेम ओढलं, आणि बाण त्यांच्या पायापाशी पडला. सल्लागार कुंपणावरून म्हणाले, बाणाला आधी रस्ता तरी दाखवा. दुसऱ्या दिवशी बाण गादीपर्यंत गेला, पण सरपटत. खांद्यात कळ आली की आजींची ओढ तिथेच अडायची. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. आणि एका सकाळी त्यांनी मला मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, नको आता, होणार नाही माझ्याने.

आजोबा उठले. आजींच्याच डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि गादीवर एक भलंमोठं तोंड काढलं. टक्कल, मोठे कान, आणि दोन्हीकडे वळलेली मिशी. नात हसून हसून खाली बसली.

"हा मी," आजोबा म्हणाले. "आता मार बघू. इतक्या वर्षांचा राग असेल की साठलेला."

आजींनी मला उचललं. काय सांगू, त्या दिवशी हाताला जो जोर चढला! पहिला बाण हनुवटीवर. रोज आजींना जरा वरचं हवं. हनुवटी झाली, तसे ओठ हवे. त्याला कोपर छातीशी आणावं लागलं, आणलं. मग मिशीचं टोक. आजोबा रोज संध्याकाळी आपल्या तोंडावरची भोकं मोजायचे आणि नातीकडे तक्रार करायचे. सल्लागारांनी सल्ले सोडून पैजा सुरू केल्या.

राहिलं नाक. ते मिशीच्याही वर. त्यासाठी कोपर खांद्यापर्यंत उचलायला हवं आणि दोरी कानापर्यंत यायला हवी.

त्या सकाळी ऊन छान होतं. आजींनी बाण लावला आणि ओढायला लागल्या. दोरी हनुवटीपाशी आली. तिथे रोज थांबायच्या, आज थांबल्या नाहीत. गालापाशी आली. माझ्या आत बारीक करकर सुरू झाली. एवढ्या ओढीसाठी मी बेतलेलाच नव्हतो, मी दुखऱ्या हाताचं माप. पण आजींना थांबा कोण म्हणणार? मी तर नाहीच. अजून या, अजून या, असंच म्हणत होतो. दोरी कानापाशी आली आणि मी पेरापाशी कटकन मोडलो.

बाण तिथेच पडला. आजोबा धावत आले, "लागलं का गं?"

आजींना काही लागलं नव्हतं. त्यांच्या डाव्या हातात माझा अर्धा तुकडा होता, दुसरा दोरीला लोंबत होता. आणि उजवा हात होता कानामागे, कोपर खांद्याच्या वर. त्या हाताकडे त्या दुसऱ्याच कुणाचा असल्यासारख्या बघत राहिल्या. मग दोरी सोडली आणि तो हात हळूहळू सरळ केला, आभाळाकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "बघा की."

आजोबा बघत होते. डोळे भरले तसे चष्म्याला नावं ठेवायला लागले. सल्लागार कुंपणावरून टाळ्या वाजवायला लागले.

सध्या मी शेडमधल्या फळीवर पडलोय. शेजारी नव्या धनुष्याचा बांबू. आजोबा माझा तुकडा त्याच्यावर ठेवून जाडी बघतात आणि त्याहून जाड ठेवतात, कारण गिऱ्हाईकाचं माप वाढलंय. नव्याला मी एवढंच सांगितलंय, त्या ओढतील तेवढा ये, कुरकुर करू नकोस. आणि तुम्हाला सांगणं एवढंच, घरामागे एखादा लवणारा बांबू पडला असेल तर चुलीत घालू नका, आधी घरातल्यांच्या हातांकडे एकदा बघा.

पुढच्या खोलीत मशीनची घरघर चालू आहे. आजोबा तासता तासता मध्येच हात थांबवतात आणि ऐकत बसतात. शिडीचं गिऱ्हाईक दारात ताटकळतंय. ताटकळू दे.