टँकरमधले सलाम

१० एप्रिल २०१६ रोजी, रविवारी, मधुर इलेक्ट्रिकल्सच्या डाव्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे कन्सोल सात होते: निळे चार, काळे दोन आणि एक लाल, ज्याच्या खोक्याचा कोपरा दबला होता. गेमची कार्डं एकतीस होती, पण त्यांत वेगवेगळे गेम सतराच. चार्जर चार, स्क्रीनगार्डची पाकिटं नऊ. धूळ नव्हती, कारण अभय खण रोज पुसायचा. त्याच्या खालच्या खणात पाण्याचे फिल्टर दोन होते. सकाळी ते सहा होते.

दुकान पुंडलिकनगरच्या मुख्य रस्त्यावर, अभयच्या काकांचं, म्हणजे मधुसूदन काकांचं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुतण्याला हा एक खण दिला होता. २०१६च्या त्या उन्हाळ्यात बोअर आटले, बंगल्यांतही टँकरचं पाणी येऊ लागलं आणि फिल्टर ठेवायला जागा पुरेना. काकांची नजर वरच्या खणाकडे वळली.

त्याच दिवशी मुंबईच्या वितरकाचा फोन आला. ‘शिकार ४’ हा नवा गेम जूनमध्ये येणार होता. कमीत कमी वीस नग घ्यावे लागतील आणि परत घेतले जाणार नाहीत, असं तो म्हणाला.

फोन ठेवून काका अभयला म्हणाले, “तुझे दोस्त सोडून वीस माणसं दाखव. नाव, नंबर, सही. एकतीस मेपर्यंत. वीस म्हणजे वीस. नाय तर खण फिल्टरला आणि तू शेंद्र्याला.”

शेंद्र्याच्या एका कारखान्यात काकांच्या ओळखीनं अभयसाठी हेल्परची जागा धरून ठेवली होती. एक जूनपासून, सकाळी सातची पाळी. अभयनं ती शेड एकदा पाहिली होती. त्याबद्दल तो काही बोलत नसे.

संध्याकाळी आम्ही कॅनॉटच्या बागेत जमलो. आम्ही म्हणजे अभय, बँकेच्या परीक्षा देणारा मंदार, फार्मसीला असलेली मनस्विनी आणि मी. मी नुकतीच प्राणिशास्त्रात एमएस्सी झाले होते. मनस्विनी त्या दिवशी आली नाही.

“सोड ना भाऊ,” मंदार म्हणाला. “हे मशीन मरायला टेकलंय. सगळे मोबाईलवर खेळतात.”

“मरायला टेकलंय म्हणे! कंपनीचा आकडा वाच. साडेपाच कोटी.”

“मग काकांना दाखव की साडेपाच कोटी.”

अभयनं मोबाईलवर तो आकडा पुन्हा उघडला. मग म्हणाला, “ते विकलेले नाहीत रे. दुकानांत पोचवलेले आहेत. माझ्या खणातले सातसुद्धा त्यांच्या लेखी खपलेलेच.”

“म्हणजे तूच त्यांचा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हौ क्या!”

आमच्या कन्सोलवाल्यांच्या फेसबुक ग्रुपवर दोनशे बारा सदस्य होते. मंदारनं तिथंच विचारलं: औरंगाबादेत कोण कोण आहे? उत्तरं पाच आली. त्यातली दोन नागपूरहून होती आणि एकानं विचारलं होतं की अजिंठ्याला जायला गाडी कुठून मिळते.

तेव्हा मी सलाम मोजायचं सुचवलं. या कन्सोलची एक सोय आहे. तो मिटून खिशात ठेवला तरी जागा असतो, आणि दुसरा कन्सोल वीस-पंचवीस मीटरच्या आत आला की दोघं आपापल्या मालकाचं नाव आणि छोटा निरोप एकमेकांना देतात. झाकणावर हिरवा दिवा लागतो. कंपनीनं याला काहीतरी लांबलचक नाव दिलंय. आम्ही सलाम म्हणायचो. आज सलाम पडला का, असं विचारायचो. बहुतेक वेळा पडलेला नसायचा.

तळ्यातले मासे सगळे पकडून मोजता येत नाहीत. काही पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि त्यात खुणेचे किती येतात ते पाहायचं. इथं खूण करायची गरज नव्हती, प्रत्येक सलामावर नाव होतं. पुढचे दोन रविवार आम्ही कॅनॉटला पाच ते आठ फेऱ्या मारल्या. आमचे स्वतःचे वगळून पहिल्या रविवारी सहा कन्सोल सापडले, दुसऱ्या रविवारी पाच. दोन्हीकडे तेच असे चार होते. सहा गुणिले पाच भागिले चार: साडेसात.

मधुसूदन काकांनी कागद चष्म्याजवळ धरला. “सात समजले. हे अर्धं गिऱ्हाईक कोण?”

“तो अंदाज आहे, काका.”

“मग मीबी अंदाजच करतो,” असं म्हणून ते बाहेर आलेल्या माणसाला फिल्टर दाखवायला गेले.

मनस्विनी सोमवारी भेटली. तीन रविवार का आली नाहीस, असं मी विचारलं.

“रविवारी आमच्याकडं नळ येतो ना. गुरुवारी आणि रविवारी. मी पाइप धरते, आई टाकी बघते. तुमच्याकडं कधी असतो?”

आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी. मंदारकडे, अभयकडेही तसंच. म्हणजे आम्ही रविवारी जाळं टाकत होतो आणि ज्यांच्या घरी रविवारी पाणी होतं ते सगळे घरी पाइप धरून उभे होते. शिवाय ज्या नव्या वसाहतींत नळच नव्हते तिथले लोक टँकरची वाट पाहत थांबलेले. सगळे मासे सारखे पकडले जातात, हे या पद्धतीचं पहिलं गृहीतक आहे. मी ते तीन वर्षं वर्गात लिहिलं होतं.

माझे मोतीराम मामा टँकर चालवायचे. करमाडजवळच्या एका विहिरीवर भरायचा आणि देवळाई, सातारा परिसर, गारखेड्याची मागची बाजू अशा भागांतल्या अकरा सोसायट्यांमध्ये रिकामा करायचा. एका ठिकाणी अर्धा तास तरी थांबावं लागायचं. मी त्यांना विचारलं, माझा कन्सोल तुमच्या केबिनमध्ये ठेवाल का?

“काय करायचं त्याला?”

“काही नाही. फक्त फिरवायचा.”

“लई सोपं काम हाय. खातं-पितं का काय?”

“संध्याकाळी मी चार्ज करीन.”

“मग आपल्या क्लीनरपेक्षा बरं,” मामा म्हणाले, आणि कन्सोल काचेखाली, गणपतीच्या नाही, बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी ठेवला गेला.

पहिल्या दिवशी दहा सलाम आले. आम्ही चौघांनी मिळून एका दिवसात तेवढे कधी पाहिले नव्हते. अभयनं ते तीन वेळा वाचले. दुसऱ्या दिवशी दहा आले. तिसऱ्या दिवशीही दहा.

“रोज दहा!” मंदार म्हणाला. “आता मशीन मेलंय म्हणणार नाय मी.”

मला ते आवडलं नाही. तीन दिवस नेमके दहा, असं कुठलीही जिवंत गोष्ट करत नाही. मी पुस्तिका काढून वाचली. कन्सोल एका वेळी दहाच सलाम साठवतो. ते उघडून पाहिले की मगच जागा रिकामी होते. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण दहापर्यंत कधी कुणी पोचलंच नव्हतं.

मग मामा जेवायला यायचे तेव्हा एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं मी दिवसातून दोनदा सलाम उतरवून घेऊ लागले. मेच्या पहिल्या आठवड्यात चोवीस वेगवेगळे कन्सोल सापडले. दुसऱ्या आठवड्यात बावीस. दोन्हीकडे तेच, असे सोळा. अंदाज तेहेतीस, आणि प्रत्यक्ष नावानिशी तीस.

या वेळी काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “बरं. यंत्रं हायेत. आता माणसं आण.”

मी कन्सोलमधला निरोप बदलला. त्यात देवनागरी नाही आणि जागा फार थोडी, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं: शिकार ४, पुंडलिकनगर, मधुर, ३१ मे, ६ वाजता. टँकर फिरत राहिला. उलट निरोप येऊ लागले. कुणी ‘येतो’ लिहिलं, कुणी किंमत विचारली, सातारा परिसरातल्या एकानं ‘तू कोण आहेस, रोज कशी येतेस’ असं विचारलं. देवळाईच्या एका मुलाचा निरोप फक्त ‘पाणी उद्या पण?’ असा होता. तो मला कळला नाही. चुकून आला असेल म्हणून मी बाजूला ठेवला.

एकतीस मेला, मंगळवारी, अभयनं काउंटरवर वही उघडून ठेवली. वर नाव, नंबर, सही असे तीन रकाने आखले. काका आतल्या खुर्चीवर बसले. साडेपाचला कुणी नव्हतं. सहाला दोघं आले, मग एकदम पाच. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि सगळ्यांच्या खिशात हिरवे दिवे लागत होते.

“तूच का डोंगरवाला सखाराम? मला वाटलं तू म्हातारा असशील.”

“सखाराम आजोबांचं नाव आहे. कन्सोल त्यांच्या नावानं घेतला.”

“तिसऱ्या भागातला बर्फाचा राक्षस मारला का?”

“चौघं लागतात यार. एकट्यानं कोण मारंल?”

“आज इथं चौदा जण आहेत. बसा की पायरीवर!”

ते खरोखरच पायरीवर बसले. मनस्विनीनं आपला चार्जर काढून दिला. साडेसातला वहीत अठरा नावं झाली. पावणेआठला एक विद्यापीठातला मुलगा धावत आला, एकोणीस. त्यानंतर दहा मिनिटं कुणीच आलं नाही. अभय रस्त्याकडे बघत होता. काका घड्याळाकडे बघत नव्हते, हे मी पाहिलं.

आठला पाच मिनिटं असताना एक म्हाताऱ्या बाई रिक्षातून उतरल्या. देवळाईहून आल्या होत्या. नाव मनकर्णाबाई. हातात रुमालात गुंडाळलेला कन्सोल होता, नातवाचा.

“मधुर दुकान हेच का?”

“हो आजी, या.”

“नातवाला ताप हाय म्हणून मीच आले. माझं नाव लिव.”

मंदारनं टाळी मारली. “वीस! काका, वीस!”

अभयनं पेन पुढे केलं. मनकर्णाबाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली. त्याला जवळजवळ एक मिनिट लागलं. मग कन्सोल काउंटरवर ठेवून त्या म्हणाल्या, “ह्याच्यावर दिवा लागला की आमच्या बिल्डिंगीत समद्यांना कळतं. पोरगं वरडतं, मेघा आली, मेघा आली. आम्ही घागरी घेऊन खाली. पण दिवा लागंस्तोवर टँकर पार दारात आलेला असतो बघ. नवं आलंय म्हणं. त्याच्यात लांबूनच कळंल ना?”

पायरीवरचे काही जण हसले. माझ्या नावाचा सलाम टँकरबरोबर यायचा, हे मला ठाऊक होतं. तो असा वाचला जात असेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यातल्या बावीसपैकी किती जणांनी कन्सोल पाण्यासाठी चालू ठेवला होता, ते मला आता सांगता येणार नव्हतं.

मंदार अभयच्या कानाशी वाकला. “काही बोलू नको. नातू खेळेल की.”

“नातू शिकार खेळतो का, आजी?” अभयनं विचारलं.

“नाय रे. त्यो गाड्या पळवतो. मारामारीचं बघितलं की रडतं.”

अभयनं काकांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि मनकर्णाबाईंच्या समोर उभा राहिला.

“आजी, हे पाण्याचं यंत्र नाय. हिचा कन्सोल टँकरात ठेवला होता म्हणून दिवा लागायचा. उद्यापासून तो टँकरात नसणार. आणि नवं जे येतंय ते राक्षस मारायचं आहे. त्याचा पाण्याशी काही संबंध नाय.”

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे बघितलं. “तू मेघा व्हय?”

“हो.”

“मला वाटलं टँकरचं नाव हाय.” त्या रुमाल पुन्हा गुंडाळू लागल्या. “मग खोड बाबा माझं नाव. मला काय करायचंय राक्षस मारून? घरातलेच आवरंनात.”

“आजी, राहू द्या ना,” मंदार म्हणाला. “नुसती सही तर आहे.”

“सही म्हंजी नुसती असती व्हय रं? खोड.”

अभयनं पट्टी लावून त्या ओळीवर एक रेघ मारली. मनस्विनी मनकर्णाबाईंना रिक्षापर्यंत सोडून आली. आठ वाजले, साडेआठ वाजले. पायरीवर बर्फाचा राक्षस मेला तेव्हा मोठा आरडाओरडा झाला. नऊला काका उठले, वही उचलून दिव्याखाली धरली आणि बोट ठेवत वरून खाली मोजलं, मग खालून वर.

दोन्ही वेळा एकोणीस.