लाँड्रीतले गाणे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. खिशात मावणारा नव्हे. मला उचलायचे तर आधी कंबर कसावी लागे. माझ्या डोक्यावर दोन मोठी चाके आहेत. एका चाकावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर सरकत जाते आणि जाता जाता आवाज साठवते. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी झाकण लावण्याआधी माझ्यासमोर दोन शब्द बोलून पाहिले, ते परत ऐकले आणि स्वतःच्याच आवाजाला हसल्या. जगातला मी साठवलेला पहिला आवाज तो.

तिथून मी एका संस्थेच्या कार्यालयात आलो. ही संस्था शहरातल्या उत्तम गायक-वादकाला दरवर्षी पुरस्कार देत असे. ज्याला भाग घ्यायचा असेल त्याने आपले गाणे फितीवर उतरवून पाठवायचे. डब्यावर नाव नसे, फक्त क्रमांक असे. परीक्षक माझ्याभोवती बसत आणि मी एकेक फीत त्यांना ऐकवत असे. अध्यक्ष होते निवृत्त बँडमास्तर. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. ते मला रोज पिवळ्या फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "आमच्याकडे वशिला चालत नाही. हे यंत्र ना कोणाची जात विचारतं, ना कोणाचा बाप."

ते ऐकून माझी छाती फुगत असे. खोटे कशाला बोलू?

मात्र निकाल लागला की दरवर्षी एकच कुजबुज सुरू होई. पुरस्कार पुन्हा टेकडीवरच्या संगीत विद्यालयातच. पुन्हा त्याच चार गल्ल्या, तीच घरे. लोक म्हणत, आतून काहीतरी ठरलेलं असतं. तसे काही ठरलेले नसे, हे मला ठाऊक होते. तरीही निकाल तसाच का लागे, हे मला कळत नव्हते.

मग परीक्षकांत एक नवीन बाई आल्या, शाळेतली मुले त्यांना मावशी म्हणत. त्या शाळेत गाणे शिकवत. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणे इतके हळू की समोरच्याला आपोआप गप्प व्हावे लागे. तिसरे परीक्षक वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत. त्यांच्या लेखणीतून कोणी सुटत नसे, म्हणून गावाने त्यांचे नाव 'कात्री' ठेवले होते.

त्या दिवशी मी एक फीत लावली. धडधड, घरघर, लोखंडाचा खणखणाट, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी एका बाईचा आवाज. मास्तरांनी माझा खटका दाबला. "गोंगाट आहे. पुढची लावा."

"थांबा ना जरा," मावशी म्हणाल्या. "गोंगाटाच्या मागे कुणीतरी गातंय."

"गात असेल. पण ऐकू येत नाही, तर गुण कशाला देऊ?"

"तेच म्हणतेय मी. विद्यालयातल्या मुलांना गादी लावलेल्या भिंतींची खोली मिळते. हिला मिळालेली नाही."

कात्री हसले. "म्हणजे आता गरिबीला गुण द्यायचे? उद्या म्हणाल, या गल्लीला एक पुरस्कार, त्या गल्लीला एक."

"गरिबीला अर्धा गुणसुद्धा नको. गाण्याला द्या. पण आधी ते कानावर तर पडू दे."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, बाई," मास्तर जरा चिडून म्हणाले.

"नियम सारखा आहे, मास्तर. खोली सारखी नाही."

मास्तर उठले. खिडकीशी जाऊन उभे राहिले. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तिच्यातच कोणीतरी भोक दाखवावे, हे पचवणे सोपे नसते. शेवटी ते वळून म्हणाले, "घेऊन जा हे यंत्र. सगळ्यांचं गाणं पुन्हा यावरच उतरवा. विद्यालयातल्यांचंसुद्धा. पण कुणालाही सवलत मिळणार नाही."

"मी मागितलीच नाही," मावशी म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस होते. ज्यांना जमले ते मावशींच्या शाळेतल्या रिकाम्या वर्गात आले. ज्यांना कामावरून सुट्टी नव्हती, त्यांच्याकडे आम्ही गेलो. भाजीवाल्याकडून मागून आणलेल्या हातगाडीवर मला बांधून मावशी चढण चढत. गाडीच्या दांड्याने त्यांच्या तळहाताला घट्टे पडले. वाटेत कोणी विचारले, "बाई, काय विकताय?" तर त्या म्हणत, "विकत नाही, गोळा करतेय."

कार्यालयाच्या वहीत प्रत्येक क्रमांकासमोर पत्ता असे; ती धडधडणारी फीत एका लाँड्रीतून आलेली होती. तिथे हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या जात. गाणारी बाई इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती, शेजारी तिची नणंद घड्या घालत होती. मावशींनी येण्याचे कारण सांगितले, तशी ती बाई मान खाली घालून म्हणाली, "राहू द्या. मी दरवर्षी पाठवते, पुढे काहीच कळत नाही."

"वहिनी, आता यंत्र दारात आलंय," नणंद म्हणाली. "घरी माझं डोकं खातेस ना गाऊन गाऊन? मग इथेही गा."

मालक कुरकुरला, पण चहाच्या सुट्टीत यंत्रे बंद ठेवायला तयार झाला. कपडे धुणाऱ्या यंत्रांचा एकेक ढोल फिरायचा थांबला. बायकांनी इस्त्र्या उभ्या करून ठेवल्या. कोणी चहाला गेले नाही. आणि ती गाऊ लागली.

मित्रांनो, मी पुष्कळ गाणी साठवली आहेत. पण गाणाऱ्या बाईसकट सगळे जण एक आवाज पहिल्यांदाच ऐकत आहेत, असे मी तेव्हाच पाहिले. रोज शेजारी उभ्या असणाऱ्या त्या बायकांनी तो कधी यंत्रांच्या धडधडीशिवाय ऐकलाच नव्हता. गाणे संपले तरी घडी घातलेली चादर नणंदेच्या हातातच राहिली. ती हलकेच म्हणाली, "वहिनी, तू असं गातेस होय?"

निकालाच्या दिवशी मावशी आधीच म्हणाल्या, "कुठली फीत कुणाची, ते मला माहीत आहे. माझे गुण धरू नका." मास्तर आणि कात्रींनी सगळ्या फिती अथपासून इतिपर्यंत ऐकल्या. कात्रींनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि कोणी पाहिले नाही ना, हेही पाहिले. मग गुणांची बेरीज झाली. पहिली आली विद्यालयातली व्हायोलिन वाजवणारी मुलगी. लाँड्रीतली बाई थोडक्यात दुसरी.

"एवढं ओझं वाहिलंत," कात्री म्हणाले, पण आज त्यांच्या बोलण्याला धार नव्हती, "आणि निकाल जुनाच की हो."

"जुना कसा?" मावशी म्हणाल्या. "मीही व्हायोलिनलाच दिले असते. पण आज पहिल्यांदा विद्यालयातली मुलगी कुणाशी तरी स्पर्धा करून जिंकलीय."

त्या मुलीला हे कळले तेव्हा तिने दुसऱ्या क्रमांकाची फीत ऐकायला मागितली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "हिच्यापुढे मी पहिली आले?" आणि मग आनंदाने तिला हसू आवरेना.

मावशी मला घेऊन लाँड्रीत गेल्या. निकाल ऐकताच नणंद उसळली. "मग आमची यंत्रं बंद पाडायला आलात कशाला?"

वहिनीने तिचा हात धरला. मावशींना विचारले, "शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी?"

"शेवटपर्यंत. आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं."

"मग मी हरले ते खरं हरले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होते, पण अपमान नव्हता. "पुढच्या वर्षी या. नवीन गाणं बसवते."

आम्ही गेलो. त्यानंतरही दरवर्षी गेलो. पुरस्कार कधी बस आगारातल्या मेकॅनिकला मिळाला, कधी एका नर्सला, कधी पुन्हा टेकडीवर गेला. एका वर्षी तो लाँड्रीतही आला आणि तो द्यायला म्हातारे मास्तर काठी टेकत स्वतः आले. लोकांची कुजबुज मात्र हळूहळू थांबली.

आता माझी चाके फिरवणारा पट्टा सैल झाला आहे. माझे काम तळहाताएवढे यंत्र करते आणि मी कपाटावर बसून असतो. माझी तक्रार नाही. एवढेच सांगतो, तुमच्या घरी माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली काढा, पुसा, एकदा चालवून पाहा. आत कोणाचा तरी आवाज वाट पाहत असेल. आणि त्या आवाजामागे फार गोंगाट असेल, तर जरा जवळ सरकून बसा.