भिंतीखालची माणसं

घरातला एक माणूस सरकारी कामावर लागला, की बाकीच्यांना वाटतं, आता आपली वाट मोकळी झाली. श्रीवर्धनजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, १९३२ साली, नुरुद्दीनच्या घरी नेमकं हेच झालं.

नुरुद्दीन लोकल बोर्डाच्या रस्त्यांवर ओव्हरसियर होता. त्याचा थोरला भाऊ ताजुद्दीन याने नुकतीच मालवाहू मोटार घेतली होती. बंदरावरचा माल चढणीच्या रस्त्याने वरच्या गावांत पोचवायचा, असा त्याचा बेत. पण भरलेली मोटार न्यायला ओव्हरसियरचा होकार लागे, आणि नुरुद्दीन तो देत नव्हता.

कारण होती वळणावरची भिंत. रस्त्याची माती खाली घसरू नये म्हणून बैलगाड्यांच्या काळात बांधलेली, दोन पुरुष उंच दगडी भिंत.

दुपारी जेवताना ताजुद्दीनने पुन्हा विषय काढला. मोटारीचं वजन रस्त्यावर पडणार, भिंतीचा त्यात काय संबंध, असं त्याचं म्हणणं. घरचाच माणूस आडवा येतो याचा त्याला राग होता.

नुरुद्दीनने कोपऱ्यातल्या तांदळाच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

"भाई, त्यावर बसलं की पोतं बाजूला फुगतं ना? मातीचंही तसंच. वर ओझं आलं की ती आडवी ढकलते. भरलेली मोटार कडेला उभी राहिली, म्हणजे भिंतीमागे आणखी दोन फूट माती चढवल्यासारखं. मी हिशेब करून पाहिलाय. ही भिंत तेवढं सोसणार नाही."

ताजुद्दीन ताटावरून उठला. नुरुद्दीनला शिकवण्यासाठी आपण लहानपणी गलबतावर राबायला गेलो, याची त्याने आठवण करून दिली. नुरुद्दीनने मान खाली घातली. बोलली ती ताजुद्दीनची बायको गुलबानू.

"त्याने तुमचे उपकार फेडायचे तर आपल्या कष्टातून फेडावेत. दुसऱ्यांच्या जिवावर का?"

ताजुद्दीनने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार भरून, ड्रायव्हर सदाला घेऊन तो निघालाच. वळणाच्या अलीकडे नुरुद्दीन रस्त्यात उभा होता. त्याने वाद घातला नाही. गाडी तिथेच थांबवून भाईने आपल्याबरोबर भिंतीखाली यावं, एवढंच तो म्हणाला.

ताजुद्दीन जन्मभर त्या रस्त्याने गेला होता, पण खालच्या पायवाटेने कधीच उतरला नव्हता. भिंतीला लागूनच बायजा नावाच्या कोळणीचं अंगण होतं. सुकत घातलेली मासळी, चूल, शेजारी आणखी दोन झोपड्या. मधोमध भिंतीचे दगड पोट आल्यासारखे पुढे आले होते.

"शेट, परवा तुमची रिकामी मोटार वरनं गेली, तवा दगडांतनं माती गळली," बायजा म्हणाली. "आता आमी पोरांना या अंगाला निजवत न्हाय."

नुरुद्दीन भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"भाई, तू माझ्याशेजारी उभा राहा. सदाला हाक मार, भरलेली गाडी वरून काढू दे. भिंतीवर तुझा भरवसा आहे ना?"

ताजुद्दीनने वर पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. नुरुद्दीन जागचा हलणार नव्हता, हे त्याला कळून चुकलं. बायजाही तिथेच होती. तिला जायला दुसरी जागाच नव्हती.

"सदा, गाडी मागे घे!" ताजुद्दीन ओरडला. "पुढे आणू नकोस!"

त्याच आठवड्यात दोघे भाऊ बोर्डाकडे गेले. ताजुद्दीन भावापेक्षा जास्त बोलला. काम मंजूर झालं. जुनी भिंत उतरवून रुंद पायाची नवी भिंत उभी राहिली, आणि तिच्या हिशेबात कडेला उभ्या भरलेल्या मोटारीचं ओझं धरलेलं होतं. तोवर ताजुद्दीन वळणापाशी माल उतरवून बैलगाड्यांनी वर नेत राहिला. एका मोटारीसाठी एवढी जाड भिंत कशाला, असं लोक विचारत. तो म्हणे, "आज एक आहे, उद्या दहा येतील."

बंधूंनो आणि भगिनींनो, रस्ता वरून जाणाऱ्याचा असतो, तितकाच तो खाली राहणाऱ्याचाही असतो. काहीही बांधताना, काहीही चालवताना, आपलं ओझं कोणाच्या अंगावर जातं ते आधी मोजा. आणि मोजणारा 'नाही' म्हणाला, तर तो आपल्या घरचा आहे म्हणून त्याला वाकवू नका.