कणगीत लपवलेला डबा

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची भलीमोठी टोपली. शेणवे गावाजवळच्या पाड्यावर कमळूने मला विणले आणि त्याच्या बायकोने, सकुबाईने, शेणमातीने लिंपले. वीस वर्षे मी या घराचे भात सांभाळले. उंदरांची माझ्यापुढे डाळ शिजली नाही. मग प्लॅस्टिकचे पिंप आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. पोटात फाटकी पोती! मला फार वाईट वाटले.

त्या कोपऱ्यातून मी सकुबाईच्या सुनेचे, दिपालीचे, दुःख पाहिले. तीनदा तिला दिवस राहिले आणि तीनदा पोटातले बाळ गेले. पाड्यावर कुजबुज सुरू झाली. शेवटी तिचा नवरा जगदीश तिला ठाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी रक्त तपासून सांगितले, की शरीराची राखण करणारी शक्तीच हिच्या बाबतीत चुकते, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि बाळाचे पोषण अडते. यात दिपालीचा काही दोष नाही. चौथ्या खेपेला रोज एक छोटी गोळी आणि पोटावर एक इंजेक्शन सुरू झाले.

टोचून टोचून दिपालीच्या पोटावर निळे डाग पडले. ते पाहून सकुबाई घाबरली. एका दुपारी तिने इंजेक्शनांचा डबा माझ्यातल्या पोत्यांखाली लपवला. संध्याकाळी कोंबड्या डालायची, म्हणजे डालग्याखाली झाकायची, वेळ झाली. तीच सुईची वेळ. दिपालीने सारे घर पालथे घातले. मला सगळे ठाऊक होते, पण एवढे मोठे तोंड असून मला बोलता येईना!

शेवटी सकुबाईच म्हणाली, "मीच ठेवलाय डबा. पोटाला सुया टोचून पोर राहतं का गो?"

दिपाली रडली नाही. म्हणाली, "आय, मागच्या तीन येळंला सुई नव्हती. तवा राहिलं का?"

सकुबाई उठली. तिने माझ्यात खांद्यापर्यंत हात घातला. त्या दिवसापासून कोंबड्या डालताना तीच हाक मारी, "सुई झाली का गो?"

दिवाळीआधी मुलगी झाली. भात झोडून घरी आले, तेव्हा सकुबाईने मला नव्याने लिंपले आणि नातीच्या पहिल्या घासाचे भात माझ्यातच भरून ठेवले. पिंपातल्या भाताला वास येतो म्हणे! मी किती सुखावले म्हणून सांगू!

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, वापरा. माझ्यात भात ठेवा, बियाणे ठेवा. औषध मात्र लपवू नका. भीती वाटली तर डॉक्टरांना विचारा. कोपऱ्यात पडल्यापासून मला रोज वाटे, कोणीतरी मला भरावे. त्या एका संध्याकाळी मात्र वाटले, कोणीतरी मला लवकर रिकामी करा.