न धुतलेले हात

अन्नपूर्णाच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली झाली होती. भाकरी थापताना तिच्या भेगा उलायच्या आणि पिठात बारीकसा तांबूस ठिपका उमटायचा.

"माह्या सुनेचं सोवळं पाहा," सासू सुभद्राबाई शेजारणींना कौतुकानं सांगत. त्यामुळे सोनाळा गावात तिचं सारखं हात धुणं कोणालाच आजार वाटलं नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी हगवणीच्या साथीत अन्नपूर्णाचा मुलगा कडूबा गेला. आदल्या दिवशी मळ्यात निंदणाऱ्या पंचफुलानं, बौद्ध वस्तीतल्या बाईनं, त्याला आपल्या लोट्यातलं पाणी पाजलं होतं. "विटाळानं नेलं पोराले," सुभद्राबाई म्हणाल्या. साथीत इतरांचीही मुलं गेली, ते त्या घरात कोणी बोललं नाही. तेव्हापासून अन्नपूर्णा हात धूत होती. नंतर झालेल्या मुलीला ती दूध पाजण्यापुरतीच जवळ घ्यायची. आता तेही सुटलं होतं.

तेव्हा कुठे नवरा शेषराव तिला नागपूरला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिकत ऐकून इंजेक्शन दिलं नाही. म्हणाल्या, "ज्याची भीती वाटते तेच करायचं. पंचफुलाच्या हातचं पाणी प्यायचं, मुलीला उचलायचं, आणि हात धुवायचे नाहीत. जीव घाबरा होईल. आधी त्रास वाढेलच. थांबायचं. भीती चढते तशी उतरते. पण घरच्यांची साथ लागेल."

शेषरावनं एवढंच विचारलं, "दुसऱ्या कोनाच्या हातचं पानी चालनार नाही?"

घरी सुभद्राबाई म्हणाल्या, "मंग बिमारीच बरी." शेषराव मळ्याकडे निघून गेला. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

शेवटी अन्नपूर्णा एकटीच मळ्यात गेली. पंचफुलानं सगळं ऐकून घेतलं आणि खुरपं खाली ठेवलं.

"म्हंजे मी तुमची दवाई? घान समजूनच पेनार ना बाई?" ती म्हणाली. "त्याच लोट्यातलं पानी माही पोरगीबी पेली व्हती. ते पाहा, खेळून राह्यली तिकडं. मले कोनी काही पुसलंच नाही. आता पानी नाही देत मी. जा."

अन्नपूर्णा परतली तोवर घरी बातमी पोचली होती. सुभद्राबाई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तिच्यापाशी गेलती म्हने. धू हात."

आत मुलगी रडत होती. सवयीनं अन्नपूर्णाचे हात तांब्याखाली गेले. पोरगी मरेल, पोरगी मरेल, एवढंच मनात. शेषराव ओट्यावर मान खाली घालून बसला होता. तो उठणार नव्हता. तिनं हात मागे घेतले.

"आत्याबाई, कडूबाले पंचफुलानं नाही मारलं. मी हात धुनार नाही. पोरीले आना इकडं."