तळ्यातली हिरवी गाडी

"कोण तो विल्फ ऑग्डन? कुठंय?"

ओरडत आलेल्या म्हाताऱ्याच्या हातात गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल होतं. इंग्लंडातल्या लिंकनशरच्या या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळा भरला, की गाडीवेडे दिवसभर असलंच लोखंड कुरवाळत हिंडतात. विल्फ गाड्यांची गमतीची चित्रं काढून विकतो, मी शेजारी जुने दिवे विकते. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं.

"मीच तो," विल्फ खुशीत म्हणाला. "चित्रावर सही करून देऊ?"

पहिल्या फटक्यात चौकटींच्या काचा फुटल्या, दुसऱ्यात टेबल मोडलं. विल्फ वेड्यासारखा चित्रांवर हात पसरून आडवा झाला. तिसरा फटका त्याच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याच हातावर त्याचं पोट होतं.

मी म्हाताऱ्याला मागून घट्ट धरलं. "अहो, जीव घ्याल त्याचा!"

"घेतोच! काल मित्राकडे जेवायला गेलो. संडासात बसलो, तर समोरच्या भिंतीवर माझी हिरवी गाडी! तळ्यात उलटी पडलेली. वर बदकं बसलीत आणि पाण्याबाहेर नुसते बूट! नंबर माझा आहे, बाई. त्याच गाडीत माझा पोरगा कालव्यात बुडून मेला."

आमच्याकडे गमतीची चित्रं संडासातच लावतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आणि नंबर खोटा असला की हेच गाडीवेडे चित्रकाराची टर उडवतात. म्हणून विल्फ मेळ्यात उभ्या गाड्यांचे खरे नंबर टिपून आणायचा. आपली गाडी चित्रात दिसली की मालक खूश होऊन विकत घ्यायचे. या म्हाताऱ्याने मात्र पोरगा बुडाला तीच गाडी कालव्यातून काढून, घासूनपुसून मेळ्यात आणली होती, आणि विल्फने नेमका तिचाच नंबर टिपला होता.

"मला ठाऊक नव्हतं हो," विल्फ कण्हत म्हणाला. बाहीतून रक्त गळत होतं.

म्हाताऱ्याच्या हातातून हँडल गळून पडलं. मला त्याचा भयंकर राग आला होता, पण धरलेले खांदे थरथरायला लागले तेव्हा मलाच रडू फुटलं.

कुणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं.

"काही नको," विल्फ म्हणाला. "मॉरीन, त्या चित्राच्या उरलेल्या प्रती दे इकडे."

मी गठ्ठा दिला. डाव्या हातात एक प्रत धरून त्याने दातांनी फाडायला घेतली. जाड कागद फाटेना. म्हातारा काचांतच गुडघे टेकून खाली बसला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

"विकलेल्या प्रतींचं काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"त्या लोकांच्या घरी आहेत."

म्हाताऱ्याची कागदावरची पकड सैल झाली.

"घट्ट धरा," विल्फ म्हणाला, आणि त्याने ओढलं.

रुग्णवाहिका आली, तरी गठ्ठा संपेपर्यंत दोघांपैकी कुणी उठलं नाही.