खालून वर जाणारी रेघ

“हे डावीकडे,” आखणकर म्हणाले. “साहेबांचं नाही हे.”

डॉक्टर दारात उभे होते. बाहेरच्या खुर्चीत पेशंटच्या तोंडात कापसाचा बोळा ठेवून दाढ बधिर होईपर्यंत ते मागच्या खोलीत डोकावून जात. तीन दिवस हेच चाललं होतं. प्लास्टरचे जबडे टेबलाच्या कडेला सारून मधे दोनशे बारा मूळ चित्रं ठेवली होती आणि आखणकर डॉक्टरांचेच रबरी मोजे घालून त्यांचे दोन गठ्ठे करत होते. उजवीकडे साहेबांची चित्रं, डावीकडे बाकीची. डावा गठ्ठा उजव्याच्या चौपट झाला होता.

“साहेबांचं नाही, तर कुणाचं?” डॉक्टरांनी विचारलं.

आखणकरांनी चष्मा काढला, पण मोज्यांनी काच पुसता येईना, म्हणून पुन्हा घातला.

“माझं,” ते म्हणाले.

बाहेर पेशंट खाकरला. डॉक्टर गेले.

‘शिडीवाला’ ही तीन चौकटींची चित्रमालिका त्या वर्तमानपत्रात एकवीस वर्षं रोज छापून येत होती. खांद्यावर शिडी घेतलेला एक बुटका माणूस. त्याला दिवा बदलायचा असे, पाटी लावायची असे, मांजर उतरवायचं असे, आणि तिसऱ्या चौकटीत तो नेहमी शेवटच्या पायरीच्या एक पायरी खाली असे. लोक चहा घेताना आधी शिडीवाला बघत, मग बातम्या. खाली ती काढणाऱ्या साहेबांची सही असे. वर्तमानपत्र बंद पडून बरीच वर्षं झाली. गेल्या साली त्याचं गोदाम रिकामं केलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी हा गठ्ठा विकत घेतला. जुन्या चित्रमालिका, त्यांची बिल्ले-पोस्टरं, छपाईचे ठसे जमवणारे दहा-बारा लोक शहरात होते. त्यांच्यात डॉक्टर एकदम वरच्या पायरीवर गेले.

फक्त एक शंका होती. साहेबांच्या हाताखाली एक माणूस होता असं कुणीतरी म्हणालं होतं. म्हणून डॉक्टरांनी त्या माणसाला शोधून काढलं. काही चौकटी त्याने भरल्या असतील तर त्या बाजूला काढाव्यात, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्या पंधरा-वीस निघतील असा त्यांचा अंदाज होता.

आखणकर हे त्यांचं आडनाव नव्हतं. वर्तमानपत्राच्या चित्रकला विभागात ते चौकटी आखायला लागले, तेव्हा कुणीतरी गमतीने हाक मारली आणि ती चिकटली. पगारपत्रक सोडलं तर त्यांना सगळीकडे आखणकरच म्हणत. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचा मुलगाही फोनवर “मी आखणकरांचा मुलगा” असं सांगे.

पेशंट गेल्यावर डॉक्टर आले, हात धुतले आणि समोर बसले. आखणकरांनी त्यांना भिंग दिलं.

साहेब डावखुरे होते. त्यांच्या सावलीच्या रेघा डावीकडे वरून सुरू होत आणि उजवीकडे खाली उतरत. टाक जिथे टेकतो तिथे रेघ जाड असते, जिथे सुटतो तिथे बारीक. साहेबांची रेघ वर जाड, खाली बारीक. आखणकर उजव्या हाताचे. त्यांचा हात तसा कलत नव्हता. म्हणून ते बोर्ड डावीकडे फिरवून आडवा करत आणि रेघ ओढत. कल तंतोतंत साहेबांचा येई. पण बोर्ड सरळ केला की रेघेचा जाड भाग खाली यायचा आणि बारीक भाग वर. छापून आल्यावर ते कुणाला दिसत नसे. मूळ कागदावर, भिंगाखाली, दिसे.

“हे बघा शिडीच्या सावलीत,” आखणकर म्हणाले. “खालून वर गेलीय. अशा जितक्या आहेत तितक्या माझ्या.”

“आणि सही?”

“सहीपण.”

डॉक्टर बराच वेळ भिंग घेऊन बसले. मग त्यांनी विचारलं की इतकी वर्षं ते गप्प का बसले. आखणकरांनी सांगितलं. सांगायला फार नव्हतं. साहेबांचा हात थरथरायला लागला त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. सहा महिन्यांत त्यांना कपसुद्धा धरवेना. वर्तमानपत्राला कळलं असतं तर शिडीवाला बंद झाला असता आणि साहेबांचं घरही बसलं असतं. साहेबांच्या पत्नीने, वहिनींनी, आखणकरांना स्वयंपाकघरात बोलावून हे कुठे बोलू नका म्हणून सांगितलं. नऊ वर्षं ते रोज सकाळी सात वाजता साहेबांच्या घरी जाऊन चित्र काढत आणि दहा वाजता ते घेऊन कचेरीत येत. साहेब पलंगावरून विषय सांगत. शेवटी शेवटी तेही बंद झालं. साहेब गेले त्या दिवशी शिडीवाला थांबला. वहिनी गेल्या पावसाळ्यात गेल्या. शब्द त्यांना दिला होता, आणि आता तो घेणारं माणूस राहिलं नव्हतं.

डॉक्टर मोठे सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले की ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती चार जाणत्या लोकांसमोर व्हायला हवी, येत्या रविवारी दवाखाना बंद असतो. ज्या प्राध्यापकांनी साहेबांवर पुस्तक लिहिलंय त्यांना बोलावतो, आणि साहेबांच्या मुलीलाही. आखणकरांनी सगळ्यांसमोर एक चित्र काढून दाखवावं.

“म्हणजे प्रश्नच मिटला,” डॉक्टर म्हणाले आणि आखणकर निघताना त्यांना प्राध्यापकांचं पुस्तक वाचायला दिलं.

पुस्तक आखणकरांनी दोन दिवसांत वाचलं. एक अख्खं प्रकरण ‘उत्तरकाळ’ या नावाचं होतं. प्राध्यापकांनी मूळ चित्रं पाहिली होती आणि त्यांची नजर अधू नव्हती. शेवटच्या नऊ वर्षांत साहेबांची रेघ खालून वर झेपावू लागली हे त्यांनी नेमकं टिपलं होतं. उतारवयात माणसं मातीकडे बघतात, साहेब आभाळाकडे बघू लागले, असं त्यांनी लिहिलं होतं. आधीचा शिडीवाला विनोदी होता, नंतरचा थोर झाला, असंही. आखणकरांनी ते पान सुनेला वाचून दाखवलं.

“तुमच्याबद्दल लिहिलंय?” तिने विचारलं.

“नाव चुकलंय फक्त,” ते म्हणाले.

मुलाला हे पटत नव्हतं. तो म्हणाला, बाबा, लहानपणी वर्गात सगळ्यांना मी सांगायचो की शिडीवाला माझे बाबा काढतात, आणि घरी येऊन तुम्हाला विचारलं तर तुम्ही सर्वांसमोर माझ्या थोबाडीत मारली होतीत. तेव्हा खोटं बोललात ते चाललं, आता खरं बोलून काय मिळणार आहे? आखणकरांना ती थोबाडीत आठवत होती. रविवारी मात्र मुलगाच त्यांना स्कूटरवरून घेऊन गेला.

प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. हिरड्यांच्या रोगाच्या तक्त्याखाली प्राध्यापक बसले होते, शेजारी आठ-नऊ संग्राहक. एकाने शर्टाला शिडीवाल्याचा जुना पत्र्याचा बिल्ला लावला होता. साहेबांची मुलगी सगळ्यांत शेवटी आली. आखणकर उठून उभे राहिले. सात वाजता दार उघडायला यायची तेव्हा तिच्या एका वेणीला रिबन असे, दुसरी घालायची राहिलेली असे. आता ती छप्पन्न वर्षांची होती. पुढच्या महिन्यात वडिलांच्या नावाने एक दालन उघडत होती आणि डॉक्टरांची चित्रं तिथेच लागायची होती.

“काका, किती वाळलात,” ती म्हणाली आणि लांबची खुर्ची घेऊन बसली.

आधी प्राध्यापक बोलले. त्यांनी डाव्या गठ्ठ्यातलं एक चित्र उचलून धरलं आणि त्यातल्या शिडीच्या सावलीबद्दल पाच मिनिटं सांगितलं. त्यांचा आवाज एकदोनदा भरून आला. आखणकर मान खाली घालून ऐकत होते. ते चित्र त्यांनी अंगात ताप असताना काढलं होतं. मेल्यावर बोललं जातं असं काहीतरी माणूस जिवंतपणी ऐकत होता, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग त्यांच्यापुढे बोर्ड, कागद, टाक आणि शाई ठेवली. त्यांनी विषय विचारला. बिल्लेवाला म्हणाला, शिडीवाला दाताच्या डॉक्टरकडे. सगळे हसले. आखणकरांनी तीन चौकटी पट्टीशिवाय हातानेच आखल्या. पहिल्या चौकटीत शिडीवाला दवाखान्याच्या दारात, दुसरीत एक राक्षसी दाढ आणि तिला शिडी टेकवणारा तो, तिसरीत तो एक पायरी खाली, हातात पक्कड, आणि वरून दाढच त्याच्याकडे वाकून बघतेय. मग त्यांनी बोर्ड डावीकडे फिरवून आडवा केला आणि सावल्या भरल्या. शेवटी सही केली. अकरा मिनिटं लागली. हात एकदाही थांबला नाही.

बिल्लेवाला पुढे येऊन गुडघ्यावर बसला आणि डोळे कागदाला लावून बघत राहिला.

“अहो, हे तर साहेबांचंच आहे,” तो म्हणाला.

आखणकर पहिल्यांदा हसले.

“तेच मी म्हणतोय,” प्राध्यापक म्हणाले. “इतकं हुबेहूब. यातच उत्तर आहे.”

ते सावकाश, वर्गात बोलावं तसं बोलले. कलावंत स्वतःसारखं कधीच इतकं अचूक काढत नाही, पस्तीस वर्षांनी तर नाहीच. त्याचा हात पुढे गेलेला असतो. जो दुसऱ्याचं घोटून ठेवतो त्याचंच असं जसंच्या तसं राहतं. शिवाय सगळ्यांनी पाहिलं की यांना बोर्ड फिरवावा लागला. साहेबांना फिरवायची गरज नव्हती. ज्याला फिरवावा लागतो त्याला ती रेघ दुसऱ्याकडून घ्यायचीय, हे उघड आहे. कौशल्य मोठं आहे, यात वाद नाही.

“पण सर,” आखणकर म्हणाले, “बोर्ड सरळ ठेवून डाव्या हाताने खालून वर काढून बघा. हात कागदावरच घासतो, ओली शाई फासते. कुणीही काढून बघा.”

टाक त्यांनी पुढे धरला. तो कुणी घेतला नाही. प्राध्यापक म्हणाले की थोर माणसं असंच काहीतरी अवघड साधत असतात.

तेव्हा आखणकर साहेबांच्या मुलीकडे वळले.

“बेबी,” ते म्हणाले, “तूच दार उघडायचीस. साहेब पलंगावर असायचे. शाळेत जायच्या आधी तू त्यांना चमच्याने चहा पाजायचीस. सांग यांना.”

तिने पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. ती काही क्षण त्यांच्याकडे बघत होती आणि त्या वेळात आखणकरांना खात्री होती.

“काका यायचे,” ती म्हणाली. “रोज यायचे. चौकटी आखायचे. फार व्यवस्थित आखायचे, बाबा नेहमी म्हणायचे.”

डॉक्टरांनी दोन्ही गठ्ठे एकावर एक ठेवले आणि कडा जुळवल्या.

कुणी आखणकरांना रागावलं नाही. एकाने वयाचा विषय काढला, स्वतःच्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, शिडीवाल्याच्या टोपीला बटण होतं का, आणि आखणकरांनी नव्हतं म्हणून सांगितलं. मुलगा दारापाशी मोबाइलमध्ये बघत होता. निघायची वेळ झाली तेव्हा बिल्लेवाल्याने आजचं चित्र आपल्याला द्याल का म्हणून विचारलं. डॉक्टर दचकले. ते म्हणाले, हे असंच बाहेर गेलं तर उद्या कुणीतरी साहेबांचं म्हणून खपवेल, आणि मग आपल्या प्रत्येक चित्रावर लोक संशय घेतील. फाडून टाकावं, तर चित्र इतकं चांगलं आहे. प्राध्यापकांनी तोडगा काढला. त्यावर ठळक ‘नक्कल’ लिहावं, आणि ज्याने काढलं त्यानेच लिहावं, म्हणजे वाद राहत नाही.

“तेवढं लिहून द्या ना, काका,” डॉक्टर म्हणाले. “कोपऱ्यात नको. मधे, मोठं.”

मुलाने मान वर केली. “बाबा, द्या लिहून. उशीर होतोय.”

आखणकर पुन्हा बसले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या चौकटीवरून दोन समांतर रेघा ओढल्या, इतक्या फिक्या की ज्याला माहीत आहे त्यालाच दिसाव्यात. शब्द बरोबर मधे यावा म्हणून आधी मधलं जोडाक्षर लिहिलं, मग दोन्ही बाजूंची. कडा सरळ केल्या, आतून शाई भरली. ‘ल’ची गाठ शिडीवाल्याच्या टोपीवर येत होती, ती त्यांनी थोडी वर घेतली.

“अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं,” साहेबांची मुलगी म्हणाली.

डॉक्टर कागद उचलायला पुढे झाले. आखणकरांनी तळहात आडवा धरला.

“थांबा,” ते म्हणाले. “ओलं आहे अजून.”